रेघ कशाला म्हणायचं? खान्देशातल्या जाळ्यांच्या प्रकल्प नोंदी

२२ जून २०२४

तिसऱ्या वर्षाच्या गणिताच्या मुलांसाठी यंदाचा प्रकल्प आज ठरला. विषय आहे आपल्या भागातली जाळी: रेल्वेची, विजेची, पाण्याची, केळीच्या बागांची. सात जण आहेत: दोघं भुसावळची, धुळ्याचा एक मुलगा, अमळनेरची एक मुलगी, बाकी तिघं यावल-रावेरकडची, केळीच्या घरातली. आलेख सिद्धांत, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचं गणित, अभ्यासक्रमात आहेच, पण तो फळ्यावर सुरू होतो आणि फळ्यावरच पुसला जातो. या वेळी मुलांनी तो पायाखाली घालून बघावा, असं मनात आहे.

शब्दांवर थोडी चर्चा झाली. पुस्तकात ‘शिरोबिंदू’ आणि ‘कडा’ आहेत, संगणकवाले ‘नोड’ आणि ‘एज’ म्हणतात. अमळनेरची मुलगी म्हणाली, “सर, ही तर ठिपक्यांची रांगोळी.” मग ठिपका आणि रेघ हेच शब्द ठरले. नोंदवहीतही तेच वापरणार.

पहिल्या पानावर एक नियम लिहून घेतला. प्रत्येक नकाशाच्या डोक्यावर हे वाक्य हवं: ‘इथे ठिपका म्हणजे ……, रेघ म्हणजे …….’ हे वाक्य भरल्याशिवाय मोजणी सुरू करायची नाही. मुलांना आज तो नुसता शिरस्ता वाटला. मला मात्र त्याच्याशिवाय एक पाऊल पुढे टाकायचं नाही.

२५ जून

सुरुवात गणितज्ञ ऑयलरपासून. क्योनिग्सबर्ग शहर, प्रेगेल नदी, सात पूल, जमिनीचे चार तुकडे. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का? ऑयलरने १७३६ च्या लेखात शहराची लांबी-रुंदी, घरं, नदीचं पात्र सगळं बाजूला ठेवलं. उरले चार ठिपके आणि सात रेघा. एका तुकड्याला पाच पूल, बाकी तिघांना तीन-तीन. चारही विषम. वाटेत लागणाऱ्या ठिपक्यात जितक्यांदा शिरावं तितक्यांदा बाहेर पडावं लागतं, म्हणून विषम ठिपके फक्त सुरुवातीला आणि शेवटी चालतात, म्हणजे जास्तीत जास्त दोन. चार आहेत, तेव्हा अशी फेरी होणे नाही.

अमळनेरच्या मुलीने लगेच आपल्या वॉर्डातल्या घंटागाडीचा प्रश्न काढला. गाडीला प्रत्येक गल्ली एकदा तरी घ्यायचीच आहे आणि डिझेल वाचवायचं आहे. मग कुठल्या गल्ल्या दोनदा घ्याव्या लागतील? चिनी गणितज्ञ क्वान मेइ-को यांनी १९६० मध्ये टपाल वाटणाऱ्यासाठी हाच प्रश्न मांडला होता. विषम ठिपके जोडीजोडीने असे जुळवायचे की पुन्हा चालावी लागणारी वाट कमीत कमी व्हावी. तिने घरी जाऊन करायचं कबूल केलं. आपल्याच गल्लीसाठी गणित वापरायचं म्हटल्यावर तिच्या आवाजात जोर आला होता.

३ जुलै

रेल्वे. डोक्यावरचं वाक्य: ‘ठिपका म्हणजे स्थानक, रेघ म्हणजे दोन स्थानकांमधला रूळ.’

दहा ठिपके घेतले: मनमाड, चाळीसगाव, धुळे, पाचोरा, जळगाव, अमळनेर, नंदुरबार, भुसावळ, खंडवा, अकोला. मधली लहान स्थानकं गाळली, कारण तिथे या दहांमधली वाट फुटत नाही. पाचोरा–जामनेरची पीजे गाडी २०२० पासून बंद, म्हणून ती रेघ काढली नाही. पाचोऱ्याकडच्या कुणाला विचारलं तर ती रेघ अजूनही मनात आहे म्हणेल, पण आपण रुळावर काय धावतं तेच मोजतोय.

नऊ रेघा झाल्या. दहा ठिपके, नऊ रेघा, वर्तुळ कुठेच नाही. म्हणजे हे झाड आहे. झाडाची सोय अशी की कुठल्याही दोन ठिपक्यांमध्ये वाट एकच. म्हणून लिंटन फ्रीमनने १९७७ मध्ये मांडलेली ‘मध्यस्थता’ हाताने काढता येते: एखादा ठिपका उचलला तर बाकीच्यांपैकी किती जोड्यांची वाट तुटते?

जळगाव उचललं. उरलेल्या नऊंचे तीन तुकडे पडले. एकात पाचोरा, चाळीसगाव, मनमाड, धुळे (४). दुसऱ्यात अमळनेर, नंदुरबार (२). तिसऱ्यात भुसावळ, खंडवा, अकोला (३). ४×२ + ४×३ + २×३ = २६. एकूण जोड्या ३६. म्हणजे ३६ पैकी २६ जोड्या जळगावातून जातात.

मग प्रत्येकाने एकेक ठिपका घेतला. पाचोरा १८, भुसावळ १५, चाळीसगाव १५, अमळनेर ८. टोकाच्या पाचांना शून्य.

फळ्यावर पाचोरा भुसावळच्या वर आलं आणि वर्गात एकदम गलका झाला.

४ जुलै

भुसावळची मुलगी रात्रभर यावर विचार करून आली होती. तिचे वडील रेल्वेत आहेत, तिला हा आकडा मान्यच नाही. “सर, भुसावळात किती फलाट आहेत, यार्ड केवढं आहे, आणि पाचोरा वर?” मी म्हटलं, फलाटांनी गणित बदलत नाही, पण तुझा आक्षेप खरा असेल तर चूक कुठे आहे ते दाखव.

तिने दाखवली. आपण कागद खंडव्याला आणि अकोल्याला फाडला होता. भुसावळच्या पूर्वेचा सगळा देश दोन ठिपक्यांत कोंबला होता, आणि पाचोऱ्याला आयतं मधलं स्थान मिळालं होतं, ते केवळ आपल्या कागदाच्या कडेमुळे.

मग कागद वाढवला. खंडव्यापलीकडे इटारसी, अकोल्यापलीकडे बडनेरा. न्याय म्हणून पश्चिमेलाही मनमाडपलीकडे नाशिक आणि नंदुरबारपलीकडे उधना. चौदा ठिपके. आता एका ठिपक्यासाठी ७८ जोड्या. जळगाव ५५, भुसावळ ४०, पाचोरा ३६, चाळीसगाव ३२. भुसावळ दुसरं आलं.

तिच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून मलाही बरं वाटलं. पण त्याहून मोठी गोष्ट तिच्या लक्षात आली, ती तिच्याच शब्दांत लिहून ठेवतो: “म्हणजे कागद कुठे संपवायचा हे आपणच ठरवतो, आणि त्यावरून कोण मोठं ते ठरतं.” पहिल्या पानावरच्या वाक्यात आज भर घातली: ‘आणि नकाशा …… इथे थांबतो.’

१२ जुलै

रेल्वेचाच नकाशा, पण रेघेचा अर्थ बदलून. कोलकात्याच्या पारोंगमा सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये भारतीय रेल्वेचा अभ्यास केला तेव्हा रूळ मोजले नाहीत. एकच गाडी दोन्ही स्थानकांवर थांबत असेल, तर त्या दोन स्थानकांमध्ये रेघ. प्रवाशाच्या दृष्टीने हेच खरं आहे. बाईमाणूस पोरं-बोचकी घेऊन निघते, तेव्हा किती स्थानकं लागली हे ती मोजत नाही. गाडी कितीदा बदलावी लागली, हे मोजते. या अर्थाने बघितलं तर आपल्या देशाची रेल्वे फार आटोपशीर निघते, थोड्याच गाड्या बदलून कुठूनही कुठे जाता येतं.

मुलांनी वेळापत्रक घेऊन दहा ठिपक्यांवर हे करून पाहिलं. झाड नाहीसं झालं, कागदावर दाट गुंता झाला. भुसावळला बहुतेक गाड्या थांबतात म्हणून त्याच्या रेघा भराभर वाढल्या. धुळ्याच्या मुलाचा चेहरा उतरला, त्याच्या गावाला चाळीसगावहून फुटलेली एकच शाखा. तो म्हणाला, आमच्याकडे सगळे एसटीनेच जातात. त्याला सांगितलं, मग एसटीचा नकाशा काढ, त्यात धुळे कुठे येतं बघ. मुंबई–आग्रा रस्ता आणि सुरत–नागपूर रस्ता धुळ्यातच एकमेकांना छेदतात. रूळ आणि रस्ता या दोन जाळ्यांत एकाच गावाची दोन वेगळी नशिबं आहेत.

३० जुलै

आज वीज. २०१२ मध्ये ३० जुलैच्या पहाटे उत्तर भारताची वीज गेली आणि ३१ जुलैच्या दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन जाळी एकदम कोसळली. सुमारे ६० कोटी लोक अंधारात. आपल्याकडे पश्चिमेचं जाळं टिकलं, म्हणून खान्देशात दिवे होते.

मुलांना वाटत होतं की कुठेतरी मोठा स्फोट वगैरे झाला असेल. तसं नव्हतं. बीना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी फार भाराने चालली होती. भार इतका वाढला की संरक्षण यंत्रणेला तो बिघाडासारखा दिसला आणि तिने वाहिनी तोडली. तुटलेल्या रेघेवरची वीज थांबत नाही, ती शेजारच्या रेघांवर जाऊन पडते. त्या आधीच भरलेल्या, मग त्याही तुटतात.

रेल्वेच्या नकाशात एक रेघ काढली तर बाकीच्या तशाच राहतात. विजेच्या नकाशात एक रेघ काढली की उरलेल्यांचं ओझं बदलतं. चित्र तेच, ठिपके-रेघांचंच, पण रेघेचा स्वभाव निराळा. यावर तास संपला तरी मुलं उठली नाहीत.

११ ऑगस्ट

कानबाईचा रविवार, खान्देशातल्या या देवीचा श्रावणातला सण. काम बंद, सगळे घरी. आमच्याकडेही नैवेद्याचे रोट झाले. आमच्यात रोट भाऊबंदांतच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. पुण्या-सुरतेहून सगळे आले होते. कुळाचं जाळं एका ताटाभोवती बसलेलं दिसलं. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून प्रत्येकाची बातमी प्रत्येकाला आधीच ठाऊक होती. मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्ये हेच लिहिलं: नवी खबर, नवी नोकरी बहुतेकदा जवळच्या घट्ट वर्तुळातून येत नाही, दूरच्या, क्वचित भेटणाऱ्या ओळखीतून येते. दुपारी पुतण्या सांगत होता, त्याला सुरतेची नोकरी कळली ती गाडीत शेजारी बसलेल्या माणसाकडून.

१८ ऑगस्ट

पांझरेच्या काठी, फड बघायला. हा दिवस मनात बरेच दिवस राहील.

नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतं. पाणी केवळ उताराने चालतं, पंप नाही. लाभाची जमीन मोठमोठ्या फडांत वाटलेली आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाण्याची पाळी एकसारखी. पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, त्यांच्यावर हवालदार. ही माणसं गावाने नेमलेली, त्यांचा मोबदलाही गावानेच द्यायचा. शेकडो वर्षं हे असंच चालत आलं. आता पुष्कळ ठिकाणी विहिरी आणि मोटारी झाल्या, काही बंधारे गाळाने भरले, तरी पाटांची रेघ जमिनीवर अजून स्पष्ट दिसते.

मुलांनी नकाशा सुरू केला. ठिपका म्हणजे पाटाचा फाटा, रेघ म्हणजे पाण्याची वाट. पहिलाच अडथळा: रेघेला बाण लागतो. रुळावर जाता येतं तसं येता येतं, पाटात नाही. बाण काढल्यावर सगळं चित्र एका बाजूला झुकलं. वरच्याने पाणी अडवलं तर खालच्याचं अडतं, खालच्याने काहीही केलं तरी वरच्याला फरक पडत नाही.

दुसरा अडथळा: रेघेला रुंदी लागते. फोर्ड आणि फुल्कर्सन यांनी १९५६ मध्ये सिद्ध केलं की जाळ्यातून जास्तीत जास्त किती वाहू शकतं हे त्यातल्या सर्वांत अरुंद ‘कापा’वर ठरतं. म्हणजे ज्या रेघा तोडल्या तर उगम आणि शेवट वेगळे होतात, अशा रेघांच्या सगळ्या गटांत ज्याची एकूण रुंदी सर्वांत कमी, तितकंच पाणी पोहोचेल. मुलांनी टेपने चाऱ्यांची रुंदी-खोली घेतली आणि हिशेब मांडला. अरुंद काप बंधाऱ्याजवळ निघेल असं सगळ्यांना वाटलं होतं. निघाला खाली, एका मोरीपाशी, जिथे गाळ आणि प्लास्टिक साचलं होतं. वरचा पाट कितीही रुंद करा, त्या मोरीपलीकडे थेंब वाढणार नाही.

बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना आम्ही हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांचे वडील पाटकरी होते. ते म्हणाले, “पानी नातं-गोतं दखत नही, उतार दखस.” मग त्यांनी मोरीकडे बोट करून सांगितलं की त्यांच्या वडिलांच्या काळी दर वर्षी पाणी सोडायच्या आधी सगळे मिळून आधी तीच जागा साफ करायचे.

परत येताना गाडीत धुळ्याच्या मुलाने विचारलं, शेवटच्या शेतकऱ्याला पाणी मिळालं नाही हे वर कोण सांगायचं? म्हणजे एक दुसरंही जाळं होतं, माणसांचं, आणि त्याच्या रेघा उलट्या दिशेच्या. पाण्याचे बाण खाली, तक्रारीचे बाण वर, आणि दोन्ही पाटकऱ्यापाशी मिळतात. पाटकरी गेला की वरचे बाण तुटतात. त्यानंतर पाट धड असला तरी न्याय होत नाही. हे त्याने स्वतः शोधलं, मी फक्त ऐकलं.

२४ ऑगस्ट

आता केळी. हे खरं म्हणजे यावल-रावेरच्या तिघांच्या आग्रहामुळे. मृगबागेत, म्हणजे जून-जुलैत लावलेल्या केळीत, हरण्या रोग दिसायला लागलाय. पानांवर पिवळे पट्टे, वाढ खुंटलेली. हा काकडी मोझॅक विषाणू आहे, मावा ही बारीक कीड तो झाडाझाडावर नेते, आणि रोगट बागेतलं बेणं लावलं तर तो बेण्यातूनही येतो. उपाय म्हणून औषध नाही. झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करायचं, मावा आटोक्यात ठेवायचा, आजूबाजूला काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची लावायची नाही, बेणं निरोगी घ्यायचं.

मुलांनी पहिला नकाशा भराभर काढला. त्यात तीन प्रकारच्या रेघा होत्या: शेताला शेत लागून, बेण्याची देवघेव, आणि घडकटाईची टोळी एका बागेतून दुसऱ्या बागेत जाते ती. नकाशा सुंदर दिसत होता. वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “टोळीची रेघ कशासाठी?” हरण्याच्या मुख्य वाटा दोनच, मावा आणि बेणं. टोळीची रेघ आम्ही केवळ ती दिसते म्हणून काढली होती, तिच्यावरून हा रोग जातो असा आधार आमच्याकडे नव्हता. आणि त्या रेघा ठेवल्या असत्या तर नकाशाने बोट कुणाकडे दाखवलं असतं? मजुरांकडे. सगळ्या रेघा खोडल्या. हा आजचा धडा मुलांपेक्षा मला जास्त लागला.

२ सप्टेंबर

पोळा. सकाळी गावात बैल सजले, दुपारी बातमी आली: मनमाड–इंदूर नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, ३०९ किलोमीटर, धुळ्यावरून. धुळ्याच्या मुलाचा लगेच फोन. “सर, माझी रेघ आली!”

बसून मोजलं. जुन्या दहा ठिपक्यांत मनमाड–धुळे ही रेघ घातली की मनमाड, चाळीसगाव, धुळे असा त्रिकोण होतो. आधी नऊच्या नऊ रेघा अशा होत्या की एक तुटली तरी जाळं दुभंगेल. आता दहापैकी सात. धुळ्याला पहिल्यांदाच दोन वाटा. इंदूरचा ठिपका जोडला तर धुळ्याची मध्यस्थता शून्यावरून ९ होते. त्याला वाटत होतं की चाळीसगाव आता मागे पडेल. उलट झालं, १५ चं २१ झालं, कारण इंदूरहून जळगाव-भुसावळकडे यायला या नकाशात चाळीसगाववरूनच यावं लागतं. मार्ग व्हायला वर्षं लागतील. त्याने आजच जाड पेन्सिलने तुटक रेघ काढून ठेवली.

८ सप्टेंबर

केळीचा दुसरा नकाशा, दोनच प्रकारच्या रेघांचा.

माव्याच्या रेघा आखूड, बांधाला बांध. बेण्याच्या रेघांना बाण आणि तारीखही लागते: जूनमध्ये दिलेलं बेणं मे महिन्यातला रोग घेऊन जाऊ शकतं, जुलैमधला नाही. आणि त्या रेघा लांब उडी घेतात. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा अशी गावं माळेसारखी ओवलेली आहेत. मावा शेतातून शेतात सरकतो तोवर टेम्पो एका रात्रीत रावेरहून चोपड्याला पोहोचतो.

वॉट्स आणि स्ट्रोगाट्झ यांनी १९९८ मध्ये हेच दाखवलं होतं. सगळे फक्त शेजाऱ्यांशी जोडलेले असतील तर जग लांबच लांब असतं. त्यात मोजक्याच दूरच्या रेघा टाकल्या की कुठूनही कुठे जायला थोड्याच पायऱ्या लागतात. माणसांच्या ओळखीला ही चांगली गोष्ट. बागेला नाही.

एक जण म्हणाला, मग सगळ्या लांब रेघा बंद करा. पण त्याच रेघांवरून चांगलं वाणही येतं, भावही कळतो, लेकीच्या सासरहून मदतही येते. तोडायच्या नाहीत, त्यांच्यावर पहारा बसवायचा.

१५ सप्टेंबर

अडचण: पूर्ण नकाशा काढणं होणार नाही. सात मुलं, परीक्षा तोंडावर, गणपती बसलेले, आणि कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची, लागवड जवळ आलेली. बेणं काढायच्या आत काही हाती लागलं पाहिजे.

इथे एक जुना निष्कर्ष कामी आला. स्कॉट फेल्डने १९९१ मध्ये दाखवलं की सरासरीने आपल्या मित्रांना आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात. कारण साधं: ज्याला पुष्कळ मित्र, तो पुष्कळांच्या यादीत येतो. २००३ मध्ये कोहेन, हॅवलिन आणि बेन-अव्राहम यांनी त्यावरून लसीकरणाची युक्ती सांगितली. लस थोडी आणि ओळखींचा नकाशा नसेल, तर कुणालाही गाठा, त्याला टोचू नका, त्याच्या एखाद्या ओळखीच्याला टोचा. नकाशा न काढता सर्वांत जोडलेल्या माणसांपर्यंत पोहोचता येतं.

आमच्याकडे हे आणखी सोपं. कुठल्याही बागेत जायचं, एकच प्रश्न विचारायचा: “भाऊ, बेणं कोणाकडून आणलं?” आणि मग त्या माणसाच्या बागेत जायचं. ज्याने पुष्कळांना दिलं, त्याचंच नाव पुन्हा पुन्हा येणार.

आज तीन गावांत चिठ्ठ्या टाकून घरं निवडली. मुलं भर उन्हात फिरली. लोक आधी संशयाने बघायचे, अनुदानाचा सर्व्हे आहे का म्हणून विचारायचे. नाही म्हटल्यावर चहा द्यायचे आणि मोकळं बोलायचे. एका काकांनी सांगितलं, “बेणं काही अनोळख्याकडून कोणी घेत नाही सर. बाग डोळ्यांनी पाहिलेली लागते, माणूस माहितीतला लागतो.” काहींनी टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपं लावली होती, त्यांची यादी वेगळी ठेवली.

संध्याकाळी चिठ्ठ्या जुळवल्या. तीन गावांतून, एकमेकांना न ओळखणाऱ्या घरांतून, एकच नाव चार वेळा आलं.

२९ सप्टेंबर

आज काम कमी, बोलणं जास्त. ते नाव. मुलांना लगेच तिकडे जायचं होतं, नकाशा रंगवून महाविद्यालयात लावायचा होता. मी थांबवलं.

हा माणूस परिसरात चांगला म्हणून ओळखला जातो. त्याची बाग उत्तम असते, म्हणूनच लोक त्याच्याकडून बेणं नेतात, आणि तो अडल्या माणसाला उधारही देतो. आपल्या नकाशावर तो मोठा ठिपका आहे. उद्या त्या ठिपक्याखाली नाव लिहून भिंतीवर लावलं तर वाचणारा म्हणेल, रोग याने पसरवला. त्याच्या बागेत हरण्या आहे की नाही हे अजून कुणी पाहिलेलंही नाही. जास्त रेघा असणं हा गुन्हा नाही. पाटकऱ्यालाही जास्त रेघा होत्या.

ठरलं ते असं. वहीत नावं नाहीत, फक्त क्रमांक. नावांची यादी माझ्याकडे, काम संपल्यावर फाडायची. त्याच्याकडे जायचं ते तपासणी म्हणून नाही, मदत मागायला. रावेरच्या मुलाची त्याच्याशी दूरची सोयरीक आहे, तो आधी एकटा जाऊन बोलेल.

६ ऑक्टोबर

गेलो. बाग खरोखर देखणी. खुंटावर तोललेले घड, ठिबक नीट, तण नाही. आम्ही नकाशा दाखवला, नावांशिवाय, आणि विचारलं की मोठा ठिपका कोण असेल असं वाटतं. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, “मीच ना?”

मग स्वतःच उठले आणि बाग दाखवायला निघाले. ओळीओळीने पाहिलं. उत्तरेच्या कोपऱ्यात, शेजारच्या भोपळ्याच्या वेलांच्या बाजूला, काही झाडांची पानं पिवळ्या पट्ट्यांची. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर गड्याला हाक मारून ती झाडं कंदासकट काढायला सांगितली, आणि त्या बाजूचं बेणं यंदा कुणालाच द्यायचं नाही म्हणाले. आगाऊ सांगून ठेवलेल्या दोघांना आमच्यासमोरच फोन लावले.

निघताना घरातून एक जुनी वही आणली. दोन वर्षांत कुणाला किती बेणं दिलं, कधी दिलं, पैसे आले की राहिले, सगळं तारखेनिशी. आमच्या नकाशातले सगळे बाण, आम्ही महिनाभर शोधत होतो ते, त्यांच्या हस्ताक्षरात. म्हणाले, “घेऊन जा. पण सगळ्यांना तुम्ही सांगू नका, माझ्या नावाने मीच सांगतो. तुम्ही फक्त सोबत चला.”

वहीतली बावीस नावं क्रमांकांत उतरवली. अकरा यावल तालुक्यातली, सात रावेरची, चार चोपड्याची. लांबच्या रेघांपासून सुरुवात करायची. पुढच्या रविवारी सकाळी सातला निघायचं, चोपड्याला. गाडी त्यांची.